माझ्यावरचे खोटे नाव

मी एक जुनी, काळी, बारा इंची तबकडी आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो, कारण जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की तुम्ही डोळे पुसायला रुमाल काढून बसता. रुमाल आत ठेवा. माझा राग त्रेचाळीस वर्षांचा आहे. आधी त्याला बोलू द्या.

माझा जन्म नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात झाला. १९८० सालचा नोव्हेंबर होता. चांगल्या घरच्या तबकड्या कोऱ्या मालातून बनतात. माझ्यावर तेवढा खर्च करायला कुणी तयार नव्हते. न खपलेल्या जुन्या तबकड्या दळल्या, तो चुरा वितळवला आणि त्याचा गोळा दोन तापलेल्या साच्यांमध्ये दाबून मला बाहेर काढले. म्हणून माझ्या अंगात कुणाची तरी नाताळची गाणी आहेत, कुणा पाद्रीबुवांची प्रवचने आहेत, आणि नीट पाहिलेत तर जुन्या लेबलांच्या कागदाचे बारीक कणही दिसतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

माझ्यात एक गाणे आहे. गाणे म्हटले तरी ते गायलेले नाही, तालावर बोललेले आहे, धडाधड, मध्ये श्वास घ्यायला न थांबता. न्यूयॉर्कमधल्या आमच्या ब्राँक्समध्ये तेव्हा सगळी मुले असेच बोलत. बाकीचे शहर त्याला गोंगाट म्हणत असे.

माझ्यातला आवाज लॉर्वेटा प्रुइटचा आहे. हे वाक्य मी पुन्हा म्हणते, कारण ते कुणी छापले नाही. माझ्यातला आवाज लॉर्वेटा प्रुइटचा आहे.

लॉर्वेटा तेव्हा सतरा वर्षांची होती. उंच, दणकट, पुढच्या दोन दातांत फट, अंगात थोरल्या भावाचा कोट. सगळे तिला वेट्टा म्हणत. ती अकराव्या मजल्यावर राहायची आणि त्या इमारतीची लिफ्ट दोन हिवाळे बंद होती. तिची आई ओडेसा दिवसभर कचेऱ्या झाडून यायची आणि दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन अकरा मजले चढायची. वेट्टा मागून चढायची. चढता चढता मालकाला शिव्या द्यायची. त्या शिव्या एके दिवशी आपोआप तालात बसल्या.

दहाव्या मजल्यावर निडिया कोयासो राहत असे. पोर्टो रिकोची, काडीसारखी बारीक, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. तिच्याकडे तबकड्या वाजवायची दोन यंत्रे होती. गाण्यात अशी एक जागा येते जिथे गाणारे गप्प होतात आणि नुसते ड्रम वाजतात. निडिया त्या जागेची वाट बघायची, मग बोटाने तबकडी मागे ओढायची आणि तेवढाच तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा वाजवायची. चार सेकंदांचे ड्रम ती अर्धा तास चालवू शकत असे.

रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात दोघी उभ्या राहत. शाळेचा रखवालदार खिडकीतून वायर सोडायचा. भिंतीकडेला म्हातारे डॉमिनो खेळायचे, पोरे पुठ्ठ्यावर पाठीने गरगर फिरायची, तळलेल्या माशांचा वास सगळीकडे. आणि वेट्टा माईक हातात घ्यायची.

अकरा मजले, अकरा मजले, लिफ्ट आमची मेली,
आई माझी पिशव्या घेऊन चढत चढत गेली.
मालक म्हणतो, उद्या करतो. उद्या कधी येतो?
उद्या म्हणजे कोण रे बाबा, कुठल्या गल्लीत र्‍हातो?

पटांगणातल्या एकाही माणसाच्या इमारतीची लिफ्ट चालू नव्हती. तुम्हीच विचार करा, काय ओरडले असतील लोक.

त्या ओरड्यात एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. मिस्टर ग्रेव्हली. फर्निचरच्या दुकानावर त्यांची एका खोलीची रेकॉर्ड कंपनी होती. आतापर्यंत ते चर्चमधली गाणी विकत. आता त्यांना दुसरा वास लागला होता.

"मंगळवारी शाळा सुटली की ये, पोरी," ते म्हणाले. "आणि ह्या चष्मेवालीला पण आण."

दोघी गेल्या. एकाच दुपारी काम झाले. वेट्टा फळांच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहिली, कारण माईकचा दांडा पार वर अडकला होता आणि तिच्या उंचीलाही खाली येत नव्हता. तिसऱ्या वेळेला ती जे बोलली ते माझ्यात आहे. घरी जाऊन तिने अकराही मजल्यांवर दारे ठोठावून सांगितले, माझी रेकॉर्ड येतेय, माझी रेकॉर्ड येतेय.

तीन आठवड्यांनी ग्रेव्हलींनी दोघींना बोलावले. मी तेव्हा माझ्या चोवीस बहिणींबरोबर एका खोक्यात होते, सगळ्यांत वर. वेट्टाने खोके फाडले आणि मला उचलले. मला अजून तिच्या बोटांची घाई आठवते. मग ती बोटे थांबली.

माझ्या कव्हरवर एक सडपातळ, गोरटेली मुलगी होती. चंदेरी जाकीट, एक पाय मोटारीवर. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, लेडी सॅटिन. माझ्या मधल्या गोल कागदावरही तेच. लेडी सॅटिन.

"ही कोण?" वेट्टाने विचारले.

"ही म्हणजे तूच गं," ग्रेव्हली म्हणाले. "आवाज तुझा. नुसता चेहरा तिचा. लोकांना बघायला काहीतरी लागतं ना."

"मग मला बघा की."

ते हसले. अगदी मायेने हसले, हे मी विसरणार नाही. "बाळ, तू दारातून आत आलीस की खोलीतला उजेड अडतो. राग मानू नकोस. तुझा आवाज सोनं आहे, सोनं! पण सोनं दुकानात मांडायचं तर खाली मखमल लागते."

"आणि माझं नाव कुठाय?" निडिया म्हणाली. "ताल मी धरलाय."

"तबकडी फिरवणाऱ्याचं नाव कोण छापतं?"

वेट्टा रडली नाही. तिने ग्रेव्हलींच्या खिशातले पेन काढून घेतले, मला कव्हरातून बाहेर ओढले, त्यांच्याच टेबलावर ठेवले आणि लेडी सॅटिनवर आडवी रेघ मारली. वर लिहिले: लॉर्वेटा प्रुइट. ताल, निडिया कोयासो. असे दाबून लिहिले की कागद फाटतो की काय असे मला वाटले.

"ही मी घेऊन जाते," ती म्हणाली. "बाकीच्या तुम्ही खा."

तर मित्रांनो, हजार तबकड्या निघाल्या. नऊशे नव्याण्णव खोटे बोलत होत्या. एकटी मी खरी होते.

पुढचा हिवाळा आणि उन्हाळा हेच माझे कामाचे दिवस. निडियाने माझ्या कडेला मेणखडूने खूण केली, ड्रम कुठे सुरू होतात ते दिसावे म्हणून. सुई उडू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टीने एक नाणे बसवले. माशाचे तेल लागलेल्या बोटांनी मला मागे ओढले, पुढे ढकलले. धूळ बसली, ओरखडे उठले, एकदा संत्र्याचे सरबत सांडले. मला त्या दिवसांत कुणी जपले नाही आणि मी त्या दिवसांइतकी सुखात कधी नव्हते. पटांगणातल्या लोकांना आवाज कुणाचा ते ठाऊक होते. ते माझ्याकडे बघत नसत, वेट्टाकडे बघत.

मग रेडिओवर माझ्या बहिणी वाजू लागल्या. निवेदक म्हणे, लेडी सॅटिन! टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात ती चंदेरी जाकीटवाली आली आणि वेट्टाच्या आवाजावर तोंड हलवून गेली. ऑगस्टपर्यंत पटांगणात दुसऱ्या वस्त्यांतून लोक येऊ लागले. ते वेट्टाला ओळखत नव्हते. गाणे मात्र ओळखत होते.

त्या रविवारी वेट्टाने दोनच ओळी म्हटल्या असतील. लाल टोपीवाला एक जण पुढे आला.

"ए जाडे, लेडी सॅटिनचं गाणं चोरतेस होय? निदान तिच्यासारखी दिसत तरी जा!"

हशा पिकला. निडिया चवताळली. तिने मला यंत्रावरून उचलून त्याच्या नाकासमोर धरले. "वाच! डोळे असतील तर नाव वाच!"

"पेनानं लिहिलंय," तो म्हणाला. "आण इकडे पेन, मीपण लिहितो. आजपासून मी राष्ट्राध्यक्ष!"

आणखी हशा. पुरावा माझ्या पोटात होता. यंत्र तिथेच होते, वीज होती, सुई होती. माझे गाणे पुरते वाजवले असते आणि तिला शेजारी बोलू दिले असते तर लहान पोरालाही कळले असते की आवाज एकच आहे. पण ऐकायला कुणी थांबले नाही. त्यांनी कव्हर पाहिले होते, तेवढ्यावर त्यांचे भागले.

वेट्टाने माईक खाली ठेवला. "बंद कर, निडिया," ती म्हणाली.

"अगं, हा कोण टिकोजी लागून गेला!"

"बंद कर म्हटलं ना."

त्यानंतर तिने माईक हातात घेतला नाही. ती जिथे स्वतःचे बोलत होती तिथेच तिला नकलाकार ठरवले, मित्रांनो. चोराने चोरी केली ते एक वेळ समजू शकते. पण ज्याचे चोरले त्यालाच चोर म्हणून हसणाऱ्या त्या पटांगणाला मी अजून माफ केलेले नाही.

मग मी कपाटामागे गेले. वेट्टा बस चालवू लागली. निडिया पोर्टो रिकोला, पोन्सेला परत गेली, नाताळला फोन करायची. ओडेसाबाईंनी मला कधीतरी बाहेर काढले आणि खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीखाली ठेवले, पाणी गळते म्हणून. सात वर्षे मी कुंडीखाली होते. पुढे इमारत रिकामी करायची नोटीस आली. सामान आवरताना बाईंनी मला इतर पसाऱ्याबरोबर चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकले. वेट्टा कामावर होती. तिला विचारलेही नाही.

तिथे मला एका संग्राहकाने घेतले. मऊ बोलणारा, पांढरे हातमोजे घालणारा माणूस. त्याने मला शुद्ध पाण्याने धुतले, चरांतली वर्षांची घाण काढली, कुंडीचा डाग काढला. एवढ्या प्रेमाने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. मी जवळजवळ त्याच्या प्रेमात पडले होते.

मग त्याने माझा मधला कागद पाहिला.

"अरेरे," तो बायकोला म्हणाला, "कुणा कार्ट्यानं नाव खरडून ठेवलंय बघ."

त्याने कापसाचा बोळा घेतला, कसल्याशा उग्र वासाच्या पाण्यात भिजवला आणि पुसू लागला. हलक्या हाताने, गोल गोल, अर्धा तास. बोळा निळा झाला. लॉर्वेटा गेली. प्रुइट गेले. निडिया गेली. खालून लेडी सॅटिन वर आली, छान स्वच्छ.

सुई नसली की तबकडी मुकी असते. नाहीतर मी त्या घराच्या काचा फोडल्या असत्या.

त्याने मला जाड प्लॅस्टिकमध्ये बंद केले आणि उभ्या कप्प्यात ठेवले. पाहुण्यांना दाखवायचा. "ही बघा, फार दुर्मीळ!" पाहुणे म्हणायचे, वा. एकानेही म्हटले नाही की लाव जरा, ऐकू. तब्बल चौतीस वर्षे मी त्या कप्प्यात कौतुक ऐकत उभी होते.

२०२३ च्या वसंतात ब्राँक्समधल्या एका संग्रहालयाने त्या जुन्या दिवसांचे प्रदर्शन भरवले आणि संग्राहकाने मला तिथे उसने दिले. काचेच्या पेटीत मला ठेवले, शेजारी कव्हर, खाली कार्ड. 'लेडी सॅटिन. माईकवर बोलणाऱ्या पहिल्या मुलींपैकी एक.' शाळेची मुले रांगेने येत आणि ते कार्ड वहीत उतरवून घेत. माझ्या डोळ्यांदेखत खोटे पाठ होत होते.

एका दुपारी साठीची एक बाई आली. बारीक चणीची, गुडघा दुखत असावा अशी चाल. ती कव्हरावरच्या फोटोकडे बघत राहिली. मी ओळखले. तीच हनुवटी. माझ्या अंगाची आग झाली. आली, म्हटले, मिरवायला आली.

प्रदर्शनाचे काम बघणाऱ्या मिस पेल्टियर जवळ आल्या. बाई म्हणाली, "हा फोटो माझा आहे. माझं नाव जेराल्डीन टब्ज."

"तुम्ही लेडी सॅटिन! अहो थांबा, सगळ्यांना बोलावते."

"बोलवा. पण आधी ते कार्ड काढा," जेराल्डीन म्हणाली. "मी ह्यातला एक शब्द बोललेले नाही. एका दुपारी मला जाकीट घातलं, फोटो काढला, तोंड कसं हलवायचं ते शिकवलं. मग जाकीटपण परत घेतलं."

"मग आवाज कुणाचा?"

"एका मुलीचा. तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही." तिने कव्हराकडे पाठ केली. "खरं सांगू? मी विचारलंच नाही."

मिस पेल्टियर यांनी वस्तीत चौकशी केली. चर्चमधल्या बायकांना लगेच आठवले, अहो, ती बस चालवणारी वेट्टा, दुसरी कोण असणार! तीन आठवड्यांनी ती माझ्या काचेसमोर उभी राहिली. पांढरे झालेले आखूड केस, जांभळा कोट, तीच उंची. दातांत अजून फट होती. तिने खाली वाकून माझा कागद पाहिला.

"माझं नाव पुसलं," ती म्हणाली. "कुणी पुसलं?"

मिस पेल्टियर यांनी बोलावलेली जेराल्डीन शेजारी उभी होती. तिने आपले नाव सांगितले.

वेट्टाने तिला आपादमस्तक न्याहाळले. "चाळीस वर्षं. चाळीस वर्षांत तुला माझं दार सापडलं नाही?"

"लाज वाटत होती."

"लाज तुला वाटत होती आणि तोंड मी बंद ठेवलं. कसं जमलं गं हे?"

जेराल्डीन रडू लागली. वेट्टाने तिला जवळ घेतले नाही. "रडू नंतर. आधी लिहून दे." जेराल्डीनने तिथेच, पहारेकऱ्याच्या टेबलावर, सगळे लिहून सही करून दिले. त्या बाईवर मी चाळीस वर्षे दात खाल्ले होते. आता मला एवढेच कळते की ती आली. न येणे फार सोपे होते. तिच्यावरचा माझा राग मी निम्मा केला, निम्मा ठेवला आहे.

मिस पेल्टियर भल्या होत्या, पण त्यांच्या समित्या होत्या. नवे कार्ड तयार झाले त्यावर लिहिले होते, 'आवाज बहुधा लॉर्वेटा प्रुइट यांचा.'

"बहुधा?" वेट्टाचा आवाज तीन दालनांत गेला. "बहुधा मी अकरा मजले चढले? बहुधा माझी आई चढली? काढा ते बहुधा. आणि निडियाचं नाव घाला. तिला जाऊन पाच वर्षं झाली. ती भांडायला येणार नाही, म्हणून मी आलेय."

जूनमध्ये कार्ड बदलले. दोघींची नावे, बहुधा नाही. त्या निमित्ताने एका शनिवारी दुपारी छोटा समारंभ ठरला. वेट्टाने एकच अट घातली. मला वाजवायचे. संग्राहकाने फोनवर खूप विनवण्या केल्या, सुई लागली की तबकडी झिजते, किंमत उतरते.

"रेकॉर्ड आहे ती," वेट्टा म्हणाली. "वाजायची नसेल तर तिच्यावर जेवायला वाढा."

आणि सुई लागली. कशी सांगू तुम्हाला? आधी नुसती करकर झाली. मग निडियाचे ड्रम. मग सतरा वर्षांची ती मुलगी बोलू लागली, दालनभर, कुणाच्या बापाला न भिता. वेट्टा कोटाच्या खिशात हात घालून ऐकत होती. तिचे ओठ हलले नाहीत. माझे गाणे संपले तेव्हा ती हळूच म्हणाली, "काय आवाज होता. आणि मी गप्प बसले."

टाळ्या झाल्या. लोक म्हणू लागले, तुम्हीही म्हणा, हेच पुन्हा म्हणा. तिने मान हलवली. "हे त्या पोरीचं आहे. ती बोलून गेली. मी साठ वर्षांची आहे. ही उलटी करा."

माझ्या दुसऱ्या बाजूबद्दल मी तुम्हाला काही सांगितलेच नाही. रागाच्या भरात राहून गेले. तिकडे शब्द नाहीत. तिकडे नुसते निडियाचे ड्रम आहेत, साडेसहा मिनिटे. वेट्टाने माईक घेतला.

दार उघडलं, दार लावलं, तीस वर्षं गेली,
अख्खी वस्ती माझ्या मागं बसून झोपलेली.
तिकीट टाका, पुढं सरका, सगळ्यांना मी नेलं,
गाडी कोण चालवतंय ते कुणी नाही पाह्यलं!

हे शब्द माझ्यात नाहीत, मित्रांनो. मी भरलेली आहे, माझ्यात आता काही मावत नाही. आमच्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार होते. पण मला सगळ्यांत जास्त जपणाऱ्यानेच माझे नाव पुसले. तेव्हा एवढेच सांगते. जे ऐकता, ते कुणाचे आहे ते विचारा. छापलेले असले तरी विचारा. आणि ते माणूस अजून जिवंत असेल तर मला काचेत ठेवण्याआधी त्याच्यासमोर माईक ठेवा.

साडेसहा मिनिटे झाली. सुई कागदाजवळ येऊन घासू लागली. वेट्टाला धाप लागली होती, कपाळावर घाम होता. सुई उचलणाऱ्या मुलीकडे तिने वळून पाहिले.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."